बिल्ड थांबवणारी निमा

निमा,

गेल्या रविवारी मंडळाने तुझी शोकसभा घेतली. सेक्रेटरींच्या बेसमेंटमध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि तुझा पासपोर्टचा फोटो मोठा करून टेबलावर ठेवला होता. एकेक जण उठून बोलला. तू शांत होतीस म्हणे. सोशिक होतीस. मनमिळाऊ होतीस. मनमिळाऊ हा शब्द पुन्हा आला तेव्हा मी उभी राहिले आणि म्हटलं, "माफ करा, पण ही बाई कोण ते मला ठाऊक नाही. आमची निमा भांडखोर होती." काही जण हसले, काहींनी माना खाली घातल्या. तुझे दादा माझी शाल ओढून मला बसवायला बघत होते. मी बसले नाही. मी सांगितलं, की मनमिळाऊ माणसं हवी तितकी मिळतात. आपलं बरोबर असेल तिथे हट्ट धरणारी, आणि चूक असेल तिथे तर दुप्पट हट्ट धरणारी बाई मला जन्मात एकच भेटली, आणि ती माझ्या नवऱ्याची बहीण निघाली.

तू गेलीस, त्यावर माझा काही इलाज चालला नाही. पण गेल्यावर तुला घासूनपुसून गुळगुळीत करायला निघालेत, ते मी चालू देणार नाही.

हे मी तुला उद्देशून लिहिते आहे, पण वाचणार आहेत सांता क्लाराला रोहन आणि मीरा. माझ्या या नातवंडांचं मराठी वाचन अजून ओळीखाली बोट ठेवून चालतं. म्हणून वाक्यं सोपी ठेवते, आणि तुला पाठ असलेल्या गोष्टीही पुन्हा सांगते. सहन कर. तसंही मध्येच तोंड घालायची तुझी सोय आता राहिलेली नाही.

मुलांना एवढंच ठाऊक आहे, की आत्याआजी कॉम्प्युटरचं काहीतरी करायची आणि आजीही तिच्याच ऑफिसात जायची. आजी तिथे गेली कशी, ते त्यांना ठाऊक नाही. त्यांचा बाबा, माझा विश्वास, लग्न करून कॅलिफोर्नियाला गेला, दादा दिवसभर लॅबमध्ये, आणि मी पिस्कॅटवेच्या त्या अपार्टमेंटमध्ये मसाल्याच्या बरण्यांना टाइप केलेली लेबलं चिकटवत बसलेली. एका शनिवारी तू आलीस, धने आणि धनेपूड यांची वेगवेगळी लेबलं वाचलीस, आणि म्हणालीस, "वहिनी, तुझं इंग्रजी चांगलं आहे, तुला टापटीप लागते आणि लोकांच्या चुका काढायला आवडतात. घरात याला कटकट म्हणतात. ऑफिसात याला नोकरी म्हणतात. सोमवारी चल."

मी म्हटलं, "मला कॉम्प्युटरमधलं ओ का ठो कळत नाही."

"तिथल्या निम्म्या लोकांना कळत नाही. फक्त ते तुझ्यासारखं कबूल करत नाहीत."

त्या सोमवारी मी साडी नेसून गेले आणि पुढच्या सोमवारी पँट घालून. तू मला माणसात आणलंस, निमा. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू डोक्यावर चढून बसली असतीस.

आता मुलांसाठी कामाचं सांगते. आमची कंपनी हॉस्पिटलांच्या प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर करते. रक्त तपासलं, की निकाल कागदावर छापून येतो, आणि माणसाचा आकडा नेहमीच्या मर्यादेबाहेर असला तर शेजारी खूण येते. ते सगळं आमच्या प्रोग्रॅमांनी होतं. प्रोग्रॅम पुष्कळ जण लिहितात, प्रत्येकाचा भाग वेगळा. ते सगळे भाग मशीनकडून एकेक करून तयार करून घ्यायचे आणि एकत्र जोडायचे, याला बिल्ड म्हणतात. काय कशानंतर करायचं हे मशीनला सांगणारा जो मजकूर असतो, ती स्क्रिप्ट. बिल्ड झाला की टेपवर उतरवायचा आणि टेप कुरियरने हॉस्पिटलला पाठवायची.

मी गेले तेव्हा स्क्रिप्टमध्ये प्रत्येक भागासाठी तीच वाक्यं पुन्हा पुन्हा लिहिलेली होती. या डिरेक्टरीत, म्हणजे फाइलींच्या कप्प्यात, जा, हा भाग तयार कर, बाहेर ये. त्या डिरेक्टरीत जा, तो भाग तयार कर, बाहेर ये. नवा भाग आला, की कोणीतरी जुन्या ओळी उतरवून घ्यायचं आणि नाव बदलायला विसरायचं. तू ते सगळं पुसलंस आणि एक लूप लिहिलास. म्हणजे मशीनला भागांची नावं एकदाच सांगायची, आणि म्हणायचं, यातलं एकेक नाव घे, त्याच्या डिरेक्टरीत जा, तयार कर, बाहेर ये, नावं संपेपर्यंत हेच कर. पानभर मजकूर चार-पाच ओळींत बसला. मला तर ते बघून माहेरच्या कपाटाची आठवण झाली. इतकं नीटनेटकं मी त्या ऑफिसात दुसरं काही पाहिलं नव्हतं. तेही मी तुला सांगितलं नाही. मी एवढंच म्हटलं, "ठीक आहे. वाचता येतंय."

पण त्या लूपमध्ये एक गोम होती. एखादा भाग तयार होताना चुकला, तरी लूप थांबत नसे. पडद्यावर चूक झाल्याचा मजकूर झरझर वर निघून जाई आणि लूप पुढचं नाव घेई. सगळं संपलं, की मशीन लूपला विचारी, काय, जमलं का? आणि लूप फक्त शेवटच्या भागाचं उत्तर देई. शेवटचा जमला म्हणजे सगळं जमलं. आणि शेवटचा भाग कोणता होता? मदतीची पानं. मी लिहिलेली. कोणती कळ दाबली की काय होतं, एवढंच साध्या इंग्रजीत सांगणारी. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतंच. त्यामुळे आमचा बिल्ड दर वेळी पास. ऑफिसभर सगळे खूश.

आणि मग एका लहान हॉस्पिटलमधून फोन आला. लहान मुलांसाठी वेगळ्या मर्यादा छापायच्या, असा बदल त्यांनी मागितला होता. आम्ही तो केला होता, टेप पाठवली होती. फोनवरची लॅबमधली बाई विचारत होती, की मग लहान मुलाच्या रिपोर्टवर अजून मोठ्या माणसांच्याच मर्यादा का येतायत? खूण भलतीकडेच पडली होती. तिच्या नजरेला आलं म्हणून तो कागद डॉक्टरांपर्यंत गेला नाही. तू मागे जाऊन पाहिलंस. नवा भाग तयारच झाला नव्हता. त्याच्या जागी आधीच्या खेपेचा जुना तसाच बसून राहिला होता, आणि लूप त्याच्यावरून पुढे निघून गेला होता. शेवटी माझ्या पानांनी 'जमलं' म्हणून सांगितलं होतं.

तू माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिलीस. "वहिनी, तुझ्या शुद्ध इंग्रजीने सगळ्यांची पापं पोटात घातली."

त्याच दुपारी तू लूपमध्ये ती ओळ घातलीस. एखादा भाग चुकला, की तिथल्या तिथे थांब आणि बाहेर पड. मी लावलेल्या नियमाप्रमाणे शेजारी तुझी आद्याक्षरं आणि एका वाक्यात कारण. स्क्रिप्टमध्ये कोणीही काहीही बदललं तरी हे लिहायचंच, असा माझा नियम होता आणि सगळे त्याला नाकं मुरडत. तू मुरडत नव्हतीस. तू लिहिलंस, की शेवटचा पास झाला म्हणजे सगळे पास झाले असं नव्हे.

आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं.

मुलांनो, बिल्ड सुरू केला की तो दीड-दोन तास चालायचा. आत्याआजीची ओळ आल्यापासून तो एखाद्या भागापाशी थांबायचा. तो भाग दुरुस्त करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. मग तो पुढच्या चुकीपाशी थांबायचा. ती दुरुस्त केली, की आणखी पुढची. बिल्ड चालवायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे वाट बघायची पाळी माझ्यावर. मी म्हणायचे, "निमा, सगळ्यांना एकदा विचारून तर घे. ज्यांचं चुकलं त्यांची नावं लक्षात ठेव, आणि शेवटी एकदम सांग, की बिल्ड नापास, आणि हे हे नापास झालेत. सगळ्यांच्या चुका एकाच फेरीत कळतील."

"पायाच कच्चा निघाला तर वरच्या मजल्याला काय विचारायचं?" तू म्हणायचीस. "पहिला भाग चुकला, की पुढचे त्याच्या जुन्या तुकड्यावर उभे राहतात. त्यांनी जमलं म्हटलं तरी ते खोटं."

"सगळे नाहीत तसे. माझी पानं कुणावर उभी नाहीत."

"तुझी पानं! तुझ्या पानांचं नाव काढू नकोस वहिनी."

जेवणाच्या सुट्टीत, पार्किंग लॉटमध्ये, गाडीत, भाजीच्या दुकानात हाच विषय. ऑफिसातल्या लोकांना आपल्या बोलण्यात फक्त लूप, बिल्ड आणि स्टुपिड एवढे तीनच शब्द कळायचे. त्यांना वाटायचं, या दोघींचं घरचं काहीतरी मोठं बिनसलंय.

घरीही काही निराळं नव्हतं. मुलं नाताळच्या सुट्टीत आली होती, ती करंज्यांची दुपार आठव. त्यांची दिवाळी हुकली म्हणून तू करंज्यांचा घाट घातलास. मी लाटत होते, मीरा कातण्याने कडा कापत होती, तू तळायला उभी होतीस आणि रोहन ताटली घेऊन तुझ्या कोपराशी. एक करंजी तेलात फुटली. सारण बाहेर आलं, साखर काळी पडायला लागली. तू ताबडतोब स्टोव्ह बंद केलास आणि कढई बाजूला ओढलीस.

रोहनचा चेहरा पडला. "आत्याआजी, यू स्टॉप्ड फॉर वन?"

"येस सर. वन इज इनफ."

मी म्हटलं, "अगं, फुटलेली काढ, झाऱ्याने तेल निवळ, आणि पुढच्या सोड. किती फुटतायत ते तरी कळेल."

"आणि का फुटली ते कधी कळणार? तुझ्या लाटण्यात दोष आहे, की मीराच्या कडांमध्ये, हे सगळ्या फुटल्यावर शोधायचं?"

"आय डिडन्ट डू एनीथिंग!" मीरा ओरडली.

"तुला कोण बोलतंय गं? मी तुझ्या आजीला बोलतेय. त्या जळक्या साखरेच्या तेलात चांगल्या करंज्या सोडल्यास तर त्याही कडूच लागणार."

"सगळं तेल काही लगेच कडू होत नाही."

हॉलमधून तुझे दादा म्हणाले, "तुमचा निकाल लागेपर्यंत आम्ही सिरियल खाऊ का?" आणि खरोखरच मुलांनी सिरियल खाल्लं. तू तेल गाळलंस, सगळ्या कडा पुन्हा दाबल्यास, आणि नंतरची एकही फुटली नाही. करंज्यांच्या बाबतीत तुझंच बरोबर होतं. तेव्हा मी कबूल केलं नव्हतं. आता करते, पण फक्त करंज्यांपुरतं.

तुला हॉस्पिटलमध्ये ठेवलं तेव्हासुद्धा तू भांडण सोडलं नाहीस. मी दुपारी यायचे, ऑफिसातून परस्पर. दुखण्याबद्दल बोललेलं तुला चालायचं नाही. पाठीला उशी लावून घ्यायचीस आणि विचारायचीस, "आज कुठे थांबला?" मी सांगायचे. मग तू समाधानाने मान हलवायचीस, जसं काही बिल्ड थांबणं म्हणजे मुलाने पहिला नंबर काढणं. एकदा आपले आवाज इतके चढले की नर्स धावत आली. आपल्या दोघींकडे बघून म्हणाली, "सिस्टर्स?"

"वर्स," तू म्हणालीस. "माय ब्रदर्स वाइफ."

ती गेल्यावर तू डोळे मिटलेस. मग डोळे न उघडताच म्हणालीस, "मी गेल्यावर तू ती ओळ काढणार."

"काढणारच. पहिलं काम तेच."

तू हसलीस. ते हसू खोकल्यात गेलं. मला वाटलं होतं, आपण नेहमीसारखं बोललो. मी ते थट्टेत म्हटलं, तूही थट्टेतच घेतलंस, आणि त्यानंतर त्या ओळीबद्दल बोलायचं राहिलंच. पुढच्या दिवसांत तुला बोलायला दम लागायचा. मी येऊन नुसती बसायचे. मला तुला सांगायचं होतं, की तुझ्या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे. ते अर्धं उत्तर घेऊन मी बसले होते.

आता या आठवड्यात काय झालं ते ऐक.

सोमवारी डग माझ्याकडे आला. मुलांनो, डग म्हणजे आमचा नवा मॅनेजर. त्याला शालिनी म्हणता येत नाही, म्हणून मला शॅल म्हणतो. आम्ही बोललो अर्थातच इंग्रजीत, आणि तुम्हालाही इंग्रजीच लवकर कळतं, पण मी हे मराठीत लिहायचं ठरवलंय म्हणजे ठरवलंय.

तो म्हणाला, "शॅल, निमाबद्दल फार वाईट वाटलं. फार मनमिळाऊ होती."

तोही!

मग तो मुद्द्यावर आला. शुक्रवारी टेप जायलाच हवी होती. दर वेळी कुठला ना कुठला भाग तयार होत नव्हता, आणि त्या ओळीमुळे बिल्ड तिथेच अडत होता. "ती ओळ काढून टाक. बिल्ड पुढे जाऊ दे. त्या भागांचे जुने तुकडे आहेतच, ते चालतात. पुढच्या टेपमध्ये नवे घालू. आणि मला सगळ्यांनी सांगितलंय, की ती ओळ तुलाही कधी पसंत नव्हती."

निमा, तेव्हा मला कळलं, की आपल्या भांडणातलं लोकांना काय ऐकू गेलं होतं. एक जण म्हणते थांबा, दुसरी म्हणते थांबू नका. आता पहिली गेली, तेव्हा दुसरीचं खरं.

मी त्याला समजावून सांगितलं. म्हटलं, मी थांबू नका म्हणत होते. गप्प बसा म्हणत नव्हते. सगळ्यांना विचारा, पण कोण चुकलं ते शेवटपर्यंत लक्षात ठेवा आणि शेवटी नापास म्हणा. हवं तर तसा लूप मी लिहून देते, आजच. त्याने विचारलं, "मग शेवटी टेप जाईल का?" मी म्हटलं, "नाही. एकही चुकला असेल तर जाणार नाही." तो म्हणाला, "मग काय उपयोग?"

त्याला चुकांचं काही वाटत नव्हतं. त्या दिसतात, एवढाच त्याचा त्रास.

मी म्हटलं, "मी ती ओळ काढणार नाही."

"एक ओळ आहे, शॅल."

"मग तू काढ. हा घे कीबोर्ड. आमच्याकडे नियम आहे, बदल करणाऱ्याची आद्याक्षरं आणि एका वाक्यात कारण."

तो बसला. खरंच बसला. ओळ पुसली, आपली आद्याक्षरं टाइप केली आणि कारणापाशी थांबला. काहीतरी लिहिलं, खोडलं. दुसरं लिहिलं, तेही खोडलं. मी मागे उभी राहून वाट बघत होते, आणि तुला ठाऊक आहे मी किती सभ्यपणे वाट बघू शकते. लहान मुलांचे रिपोर्ट छापणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चुका दिसू नयेत म्हणून, असं एक वाक्य त्याला आपल्या नावाशेजारी लिहायचं होतं, आणि ते सभ्य इंग्रजीत कसं लिहावं हे त्याला सुचत नव्हतं. मला विचारलं असतं तर मी मदत केली असती, इंग्रजी माझं चांगलं आहे. शेवटी त्याने ओळ होती तशी परत टाइप केली आणि उठला. जाताना म्हणाला, "शुक्रवारी टेप गेली नाही, तर बिल्डचं काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावं लागेल. वैयक्तिक घेऊ नकोस."

मी ते वैयक्तिकच घेतलं.

संध्याकाळी जेवताना तुझे दादा म्हणाले, "शालू, थांबू नये असं तुझंच म्हणणं होतं ना? मग आता कशाला अडून बसतेस? नोकरी जायची उगाच."

"ती असती तर मी तिच्याशी भांडून ओळ काढायला लावली असती."

"आणि आता ती नाही."

"म्हणूनच काढता येत नाही. समोर कोणी नसताना जिंकायचं, म्हणजे काय जिंकायचं?"

त्यांनी पुढचा घास घेतला नाही. तू गेल्यापासून ते कमी बोलतात. मग म्हणाले, "लहानपणी पत्त्यांचा डाव हरायला लागली की निमा पत्ते टाकून निघून जायची. म्हणायची, आता खेळा एकटे." आणि तुझे दादा पानावरून उठले आणि नळ सोडून उगाचच बराच वेळ हात धूत राहिले.

या दिवसांत मला भेटायला येणारं प्रत्येक माणूस एकच सांगतं. काकू, आता पुढे चला. मावशी, तब्येतीला जपा, पुढचं बघा. तळमळीनेच म्हणतात बिचारे, गरम पोळ्यांचा डबाही आणतात. मी त्यांना म्हणते, मी जाणारच आहे पुढे. सकाळी उठते, ऑफिसला जाते, मीराच्या वाढदिवसाचं कार्ड वेळेवर टाकलं. पण माझ्या दिवसाच्या शेवटी कोणी विचारलं, जमलं का, तर मी नाही म्हणणार. निमा गेली, आणि ते जमलेलं नाही. बाकीचं सगळं जमलं तरी नाही. यात तुझ्या ओळीसारखं थांबणं नाही आणि डगसारखं चूक लपवणंही नाही. हे माझं अर्धं उत्तर आहे. तुला पटलं नसतं, ठाऊक आहे मला.

शुक्रवारी सकाळी मी बिल्ड सुरू केला. तुझी ओळ होती तिथेच होती. एका भागापाशी थांबला. ज्याचा भाग होता त्याला बोलावलं, त्याने दुरुस्त केला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. पुढच्या भागापाशी थांबला. तोही दुरुस्त झाला. पुन्हा पहिल्यापासून. जेवण झालं नाही. दुपारी कुरियरचा माणूस येऊन खाली उभा राहिला, आणि डग कोट घालून मशीन रूमच्या दारात येऊन उभा राहिला, आणि बिल्ड आणखी एका भागापाशी थांबला.

तेव्हा मी तुला शिव्या दिल्या, निमा. मोठ्याने, मराठीत, मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून. बयो, म्हटलं, हट्टी गाढवा, सगळ्यांना एकदम विचारू दिलं असतंस तर या तिन्ही चुका सकाळी एकाच फेरीत कळल्या असत्या आणि टेप जेवणाआधी बाहेर पडली असती! दहा वेळा सांगितलं तुला! ऐकशील तर शपथ!

डग दचकला. "हू आर यू टॉकिंग टू?"

"निमाशी," मी म्हटलं. "ऐकत नाहीये."

त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खाली जाऊन कुरियरच्या माणसाला परत पाठवलं. सोमवारी तो माझं काय करतो ते सोमवारी बघू. काम दुसऱ्याकडे दिलं, तर ओळ काढताना त्या दुसऱ्यालाही कारण लिहावं लागेल.

तिसऱ्या चुकीचा धनी आपला भाग दुरुस्त करून गेला. खोलीत मी एकटी उरले. माझा सुधारलेला लूप माझ्याकडे कागदावर लिहून तयार होता. मला हवं असतं तर तो तिथे घालायला पाच मिनिटं लागली असती, माझी आद्याक्षरं आणि माझं कारण घालून, आणि ते कारण चोख असतं. सकाळपासूनच्या प्रत्येक तासाने दाखवून दिलं होतं, की मीच बरोबर होते.

मी तो कागद पर्समध्ये घातला आणि बिल्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.